अप्पा, ओगावाबाई आणि न उडणारं बदक

टोकियोच्या गाडीत कुणी फोनवर बोलत नाही. माझा फोन पर्समध्ये थरथरायला लागला तेव्हा मी उरायासुहून ऑफिसला निघाले होते, दाराला टेकून उभी होते, आणि आजूबाजूला माना खाली घालून पेंगणारी माणसं होती. फोन काढून पाहिला. रत्नागिरीहून वासंतीताई, माझी नणंद. तिकडे तेव्हा पहाटेचे सव्वापाच. थरथर थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. पुढच्या स्टेशनवर उतरून बोलता आलं असतं. मी उतरले नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. दारं उघडत होती, मिटत होती, आणि जोवर मी फोन उचलत नाही तोवर अप्पा आहेत, असं काहीतरी डोक्यात चाललं होतं... शेवटी माझ्या रोजच्या स्टेशनवर उतरले, फलाटाच्या टोकाला गेले आणि फोन लावला. "मृणाल, अप्पा गेले गं," ताई म्हणाल्या. "चहा मागितला त्यांनी. मी कप घेऊन येईपर्यंत..."

निखिलला, माझ्या नवऱ्याला, मीच सांगितलं. तो म्हणाला, "बरं." मग म्हणाला, "तू घरी जा. मी तिकिटांचं बघतो." पाच वर्षं या बापलेकांचं बोलणं असंच चाललं होतं, तब्येत आणि हवामान यांच्यापलीकडे न जाणारं. ते तसं का झालं हे निखिलला ठाऊक होतं. निदान ठाऊक आहे असं त्याला वाटत होतं. खरं काय झालं ते फक्त मला आणि अप्पांना माहीत होतं, आणि त्या सकाळी फलाटावर उभी असताना माझ्या लक्षात आलं की आता ते फक्त मलाच माहीत आहे.

अप्पा रत्नागिरीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. प्राध्यापक नव्हेत, सहायक. बेडूक पकडून आणणं, बरण्यांत औषध भरणं, काचा पुसणं ही त्यांची नोकरी. पण त्यांना हाडं जुळवता यायची. किनाऱ्यावर मेलेला समुद्रपक्षी सापडला की पिशवीत घालून आणायचे, साफ करायचे, आणि महिन्याभरानं तारेवर, गोंदावर तो सांगाडा असा उभा राहायचा की बाहेरच्या कॉलेजांचे लोक बघायला यायचे. निखिलला लहानपणी शाळेत मुलं 'हाडवाल्याचा' म्हणायची. तेही त्यानं गिळलं असतं. पण माझ्या सासूबाईंना हॉस्पिटलात हलवलं त्या दिवशी अप्पा पंधरा मैलांवरच्या किनाऱ्यावर होते, वाळूत अडकलेल्या मेलेल्या डॉल्फिनपाशी. मोबाइल त्यांच्याकडे नव्हता. ते पोचले तेव्हा सासूबाई गेल्या होत्या. निखिल त्याविषयी कधी बोलत नसे. त्याला डॉल्फिन हा शब्दच सहन होत नसे.

त्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबरात, अप्पा उरायासुला आले. मला चौथा महिना लागला होता. आदल्या वर्षी माझं एक मूल पोटातच गेलं होतं, आणि या खेपेला डॉक्टरांनी फार जपायला सांगितलं होतं. माझ्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलेलं, त्यामुळे आईला येता येईना. निखिल एका बँकेच्या कामावर होता, सकाळी सातला जायचा, परतायला रोज उशीर. फोनवर हे सगळं ऐकून अप्पा म्हणाले, "मी येतो. मला भात करता येतो." नव्वद दिवसांचा व्हिसा घेऊन ते आले. आम्ही दोघं एकमेकांना जेमतेम ओळखत होतो. दिवसभर त्या दोन खोल्यांत मी पलंगावर आणि ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर. मला वाटायचं, हे माझी हालचाल मोजतायत. त्यांना वाटत असावं, ही आपल्याला ओझं समजते. भात मात्र खरंच छान करायचे.

चौथ्या-पाचव्या दिवशी ते समुद्राच्या भिंतीवर फिरायला गेले आणि तासाभरात परत आले, धापा टाकत. "मृणाल, चल. तिथे एक बाई आहे, ती माझ्याशी बोलते आहे आणि मला काही कळत नाही. तिच्या पिशवीत बदक आहे." मी जपानी पुण्यातच शिकले होते. गेले. उरायासुची ती किनारपट्टी म्हणजे भराव घातलेली सरळ काँक्रीटची भिंत, खाली ठोकळे, आणि पुढे उथळ खाडी. थंडीत तिथे सुझुगामो नावाची समुद्री बदकं उतरतात, इतकी की लांबून पाण्यावर काळा गालिचा पसरल्यासारखा दिसतो. भिंतीजवळ सत्तरीला टेकलेली एक ठेंगणी बाई उभी होती, हातात लांब चिमटा, खांद्याला पिशवी. ओगावा-सान. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. वाहून आलेले मेलेले पक्षी गोळा करून त्या सांगाडे साफ करत आणि एका संग्रहालयाला देत. अप्पांनी पिशवीतल्या बदकाच्या पंखाकडे बोट दाखवून तो कुठे मोडलाय ते हातानंच सांगितलं होतं, आणि त्यावरून बाईंना कळलं होतं की हा माणूस आपल्यातला आहे. पहिल्या दिवसापासून अप्पा त्यांना ओगावाबाई म्हणायला लागले.

दोन दिवसांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो, इचिकावाला. घरामागे पत्र्याची शेड, त्यात कामाचं टेबल, सगळीकडे ट्रे आणि डबे. त्यांनी एका डब्यातून दोन हाडं काढून अप्पांपुढे ठेवली. प्लास्टरच्या प्रतिकृती होत्या, खऱ्या हाडांवरून काढलेल्या. एक मांडीचं, एक दंडाचं. काही न सांगता त्या नुसत्या बघत राहिल्या. परीक्षाच होती ती. अप्पांनी मांडीचं हाड उचललं, मग दंडाचं. शेजारच्या ट्रेमधलं सुझुगामोचं दंडाचं हाड घेऊन त्याच्याशी लावून पाहिलं. पुन्हा पहिलं उचललं. "दोन्ही एकाच जातीची?" त्यांनी विचारलं. मी विचारलं. हो. "पाय एवढा दांडगा आणि दंड एवढासा?" ते म्हणाले. "हे उडत नव्हतं. विचार तिला." मी विचारलं तेव्हा ओगावाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नंतर त्यांनी मला सांगितलं, चांगली शिकलेली माणसंही आधी लेबल, मग तक्ता, मग पुस्तक मागतात. यांनी नुसतं हातात धरलं.

मूळ हाडं होन्शू या मुख्य बेटाच्या अगदी उत्तरेच्या टोकाची, शिरिया नावाच्या भूशिराजवळची. तिथे चुनखडीच्या खाणीत, खडकाच्या भेगांत माती भरलेली असते आणि त्या मातीत हिमयुगाच्या काळातली हाडं सापडतात. त्यांत हे बदक. ओगावाबाई सांगत होत्या आणि मी मराठीत करत होते, अडखळत, कारण अशा गोष्टी मी कधी कुठल्याच भाषेत बोलले नव्हते. मोठ्या समुद्री बदकाएवढं अंग, तोकडे पंख, भक्कम पाय. पंख वापरून नव्हे, पायांनी पाणी मागे सारत ते बुडी मारत असावं, तळाचे शिंपले आणि गोगलगायी खात असावं. असावं, असावं. कारण भेगेत हाडं तेवढी उरतात, सवयी उरत नाहीत. किनारा सोडून लांब जायची त्याला गरज पडली नसणार. कोल्हा पोचणार नाही अशा खडकांवर अंडी घालता आली, बाराही महिने खायला मिळालं, की छातीवर उडण्यासाठीचं एवढं मांस पोसायचं कशाला? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरही असंच एक बदक होतं, वेगळ्या कुळातलं पण याच वाटेनं गेलेलं. तिथल्या माणसांनी हजारो वर्षं त्याची शिकार केली आणि ते संपलं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला अजूनही काही न उडणारी बदकं आहेत, आखूड पंखांनी पाणी बडवत बोटीसारखी पळणारी. जपानचं कसं संपलं ते नक्की कुणाला ठाऊक नाही. "बिचारं," मी म्हणाले. अप्पा माझ्यावर जवळजवळ डाफरलेच. "बिचारं कशाला? असल्या थंड लाटांत बुडी मारून पोटभर खात होतं ते. तुला-मला जमेल?"

हाडांचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधकाला आजच्या समुद्री बदकांचे सांगाडे हवे होते, मापं ताडून पाहायला. ओगावाबाई ते जमवून देत होत्या, पण संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली होती. अप्पांची बोटं आली आणि कामाला वेग आला. ते आठवड्यातून तीनदा इचिकावाला जायला लागले. सुरुवातीला मी सोबत असायची, मग माझी गरज उरली नाही. हाडं पांढरी करायला ओगावाबाई कवळी धुवायच्या गोळ्या वापरायच्या. ते पाहून अप्पांनी खिशातून स्वतःच्या गोळ्यांची डबी काढून दाखवली, आणि दोघं म्हातारी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. घरी येऊन ते मला सगळं सांगत. उन्हाळ्यात बदकांची उडायची पिसं एकदमच गळतात, नवी येईपर्यंत काही आठवडे कुठल्याच बदकाला उडता येत नाही, हे त्यांनी मला भात कालवता कालवता सांगितलं. मी ऐकायला लागले. ऐकताना कितीतरी वेळ पोटावरचा हात बाजूला राहायचा, आणि आदल्या वर्षीपासून तो तिथून हललाच नव्हता.

जानेवारीत बातम्या सुरू झाल्या. लांब पश्चिमेकडच्या एका कोंबड्यांच्या फार्मवर बर्ड फ्लू आला होता. टीव्हीवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं पोती पुरताना दिसायची. मेलेल्या पक्ष्यांना हात लावू नका, दिसले तर कळवा, अशा सूचना लागल्या. ओगावाबाईंनी त्याच दिवशी काम बंद केलं. शेडला कुलूप. अप्पांनी एका शब्दानं वाद घातला नाही. पण तिसऱ्या दिवशी मी पाहिलं, ते स्वयंपाकघरातल्या त्याच खुर्चीवर बसले होते, चहा निवलेला, आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हतं.

त्या दुपारी मी हॉस्पिटलातून तपासणी करून चालत येत होते. सगळं ठीक होतं, बाळाचे ठोके ऐकवले होते. वारा होता म्हणून भिंतीवर कुणी नव्हतं. ठोकळ्यांच्या फटीत मला काहीतरी काळं दिसलं. वाकून पाहिलं. पूर्ण काळं बदक, चोचीच्या मुळाशी पिवळं टेंगूळ. कुरोगामो. गेले दोन हिवाळे ओगावाबाई याची वाट पाहत होत्या. त्यांच्या सांगाड्यांच्या यादीत त्याच्यापुढे रिकामी जागा होती, ती मी स्वतः पाहिली होती. तेव्हा मी काय विचार केला असं पुढे मी स्वतःला शंभरदा विचारलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर काही केला नाही. हातात लोकरीचे मोजे होते, पर्समध्ये कोन्बिनीच्या, कोपऱ्यावरच्या दुकानाच्या, दोन पिशव्या. मी वाकले, ते ओढून काढलं आणि पिशवीत घातलं. मला आनंद झाला होता. वर्षभरात पहिल्यांदा मी काहीतरी न घाबरता केलं होतं.

लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या, कडेवर कुत्रा. कुत्रा पिशवीकडे मान वळवून हुंगायला लागला. "थंडी आहे, नाही?" आजी म्हणाल्या. "हो ना," मी म्हणाले आणि पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली. प्लॅस्टिकमधून पडदे असलेला पाय स्पष्ट दिसत होता. तेव्हा कुठे मला कळलं मी काय केलंय.

अप्पांनी पिशवीत पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "हात लावलास?" "मोजे होते." "काढ. आधी काढ ते." त्यांनी मला नळाशी नेलं, कोपरापर्यंत साबण लावला, एकदा, दोनदा, तीनदा, लहान मुलाचे हात धुवावेत तसे. मग म्हणाले, "ओगावाबाईंना फोन कर. त्या सांगतील कुणाला बोलवायचं ते." मी नको म्हणाले. त्या नगरपालिकेला कळवणार, नगरपालिका निखिलला, आणि घर तर त्याच्या कंपनीच्या नावावर होतं. गेल्या वेळी माझंच काही चुकलं असेल असं तो कधी म्हणाला नव्हता, पण मला ते रोज ऐकू येत होतं. मी रडायला लागले. "अप्पा, प्लीज. उकळलं की जंतू मरतो ना? तुम्हीच म्हणाला होतात." त्यांनी पिशवीचं तोंड पुन्हा उघडून पाहिलं. हट्ट माझा होता. पण ते बदक त्यांनाही हवं होतं, आणि त्या क्षणी ते मोहात पडले, हेही मी आज लपवणार नाही. त्यांनी मला झोपायच्या खोलीत बसवलं, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावला, आणि बाल्कनीत छोट्या गॅसशेगडीवर मोठं भांडं चढवलं.

दार बंद होतं, तरी वास आला. समुद्राचा, चरबीचा. मी पलंगावर बसून घड्याळ पाहत होते. तासाभरानं बेल वाजली. शेजाऱ्यांनी तक्रार केली होती, इमारतीचे व्यवस्थापक आले होते. अप्पांशी बोलता येईना म्हणून त्यांनी निखिलच्या ऑफिसात फोन केला. मी दारामागे बसून ते सगळं ऐकत होते आणि बाहेर आले नाही. निखिल आला तेव्हा चार वाजले होते. त्यानं बाल्कनीचं दार उघडलं, भांडं पाहिलं, पिसांची बांधलेली पिशवी पाहिली. मी तेव्हा खोलीच्या दारात येऊन उभी राहिले.

"हे घरात कुणी आणलं?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी. सकाळी फिरायला गेलो होतो, तेव्हा मिळालं."

ते तीन दिवस घराबाहेर पडले नव्हते. मला ते माहीत होतं, आणि मी गप्प राहिले.

निखिलचा आवाज चढला नाही. त्यामुळे ते जास्त भयंकर वाटलं. "आईच्या वेळी डॉल्फिन होता," तो म्हणाला. "आता हिच्या वेळी हे. तुम्हाला जिवंत माणूस दिसतच नाही का हो, अप्पा?"

नगरपालिकेचे दोघं आले, पांढरे झगे, दोन-दोन हातमोजे. पिसं, आतडी सगळं सीलबंद केलं, बाल्कनी फवारली. मग फॉर्म काढला. "नार्वेकर-सान, पक्षी कुठे उचललात? कसा उचललात?" भाषांतर करायला घरात मी एकटीच होते. अप्पा मराठीत म्हणाले, "भिंतीखाली. हातमोजे घालून. सुनेला काही माहीत नव्हतं." आणि मी माझ्या तोंडानं, नीट आदरार्थी जपानीत, एकेक शब्द त्या माणसाला सांगितला. सुनेला काही माहीत नव्हतं. तो लिहून घेत होता. आज मी याच कामावर पोट भरते, पण एवढं चोख भाषांतर मी पुन्हा कधी केलं नसेल.

तिसऱ्या दिवशी मला ताप आला.

हॉस्पिटलात निखिलनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखत होती. डॉक्टर बाई होत्या, तरुण, फार शांत. बदकाचं सगळं त्यांना कळलं होतं. त्यांनी माझ्याकडे सरळ पाहून जपानीत विचारलं, "तुम्ही स्वतः त्या पक्ष्याला हात लावला होता का? मला खरं कळायला हवं, बाळासाठी." निखिल शेजारी उभा होता. त्याचं जपानी नमस्कार आणि आभार यांच्यापुढे कधी गेलंच नाही. ऑफिसात त्याचं इंग्रजीवर भागायचं. मी त्याच्या देखत, त्याचा हात हातात असताना म्हणाले, "हो. मीच उचलला. मीच घरी आणला." डॉक्टरांनी एकदा निखिलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि लिहून घेतलं. "काय विचारलं त्यांनी?" निखिलनं विचारलं. "ताप कधीपासून आहे ते," मी म्हणाले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर अप्पा होते. त्यांना जपानी निखिलहून कमी येत होतं. पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. त्यांनी मान खाली घातली.

दोन दिवस वेगळ्या खोलीत ठेवलं. बाळाच्या ठोक्यांचं यंत्र लावलं होतं. आवाज जरा मंद झाला की मला वाटायचं, संपलं. काचेपलीकडे निखिल यायचा, अप्पांना त्यानं यायला बंदी केली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर मास्क न लावता आत आल्या, तेव्हाच मला कळलं. बदकात काही नव्हतं. माझा ताप साधा, हिवाळी. बाळ उत्तम.

पण तोवर अप्पांचं तिकीट बदललेलं होतं. व्हिसाचे चार आठवडे शिल्लक होते. ओगावाबाई आल्या, व्यवस्थापकांसमोर आणि शेजाऱ्यांच्या दारोदार वाकून आमच्या वतीनं माफी मागून आल्या, मग अप्पांसमोर उभ्या राहून त्यांना चांगलं झापलं, आणि ते झापणं मी मराठीत केलं, पक्षी अप्पांनीच उचलला हे खोटं तसंच ठेवून. मग त्यांनी नगरपालिकेनं निर्जंतुक करून परत दिलेली हाडं एका डब्यात घातली आणि घेऊन गेल्या. विमानतळाच्या बसपाशी निखिल सामान ठेवत होता तेवढ्यात मी अप्पांना म्हणाले, "मी सांगते त्याला. आत्ता सांगते." ते म्हणाले, "नको. त्याला माझ्यावर रागवायची सवय आहे. तुझ्यावर रागवायची लागायला नको." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून बसमध्ये चढले. पुन्हा ते जपानला आले नाहीत.

ईरा मे महिन्यात झाली. आता ती बालवाडीत जाते, आम्ही मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते. अप्पा तिच्याशी फोनवर मराठीत बोलायचे, ती त्यांना जपानीत काहीतरी सांगायची, आणि दोघांचं बरं चालायचं. निखिल फोन घेऊन म्हणायचा, "औषध घेताय ना?" आम्ही दोनदा रत्नागिरीला गेलो, दोन्ही वेळा मी बोलायचं ठरवून गेले आणि दोन्ही वेळा अप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहून विषय बदलला. ते निमित्त मला पुरलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटायचं. त्यांच्या आडोशाला राहणं सोपं होतं.

तेरावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी रत्नागिरीच्या घराच्या मागच्या पडवीत मी निखिलला सगळं सांगितलं. तो मला मधे तोडेल असं वाटलं होतं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग एकच विचारलं. "डॉक्टर बोलत होत्या तेव्हा मी तुझा हात धरला होता ना?"

"हो."

"आणि तू माझ्यासमोरच सांगितलंस त्यांना."

"हो."

तो उठून बाहेर गेला, अंधार पडायच्या सुमारास परत आला. त्यानंतर आम्ही उरायासुला आलो, कचरा वेगळा करतो, ईराला आणतो, सोडतो, लागेल तेवढं बोलतो. चिडला असता तर बरं झालं असतं. अप्पांची भीती खरी ठरली नाही, हे त्याहून कठीण काहीतरी आहे.

मागच्या आठवड्यात तो म्हणाला, "त्या ओगावाबाई कुठे राहतात?" मी फोन केला. त्या आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. त्या न उडणाऱ्या बदकाचा अभ्यास अजून चालूच आहे, त्याला शास्त्रीय नाव मिळालेलं नाही. कुरोगामोची मापं केव्हाच घेऊन झाली, पण सांगाडा त्यांनी सुटाच ठेवला होता, कारण पुन्हा येईन तेव्हा मी जोडेन असं अप्पा त्यांना पत्रात चित्रं काढून कळवत राहिले होते. आम्ही रविवारी इचिकावाला गेलो. भाषांतर करायचंय म्हणून मी रस्ताभर शब्द जुळवत होते. शेडच्या दाराशी निखिल थांबला, खिशातून एक कागद काढला. त्यावर मोठ्या, कच्च्या अक्षरांत जपानीत दोन ओळी लिहिलेल्या होत्या. "तू इथेच थांब," तो मला म्हणाला आणि आत गेला.

काचेतून मला दिसलं. त्यानं कागद वाचून दाखवला. ओगावाबाईंनी एक बुटकं स्टूल पुढे ओढलं, त्यावरची धूळ पदरात पुसावी तशी आपल्या एप्रनला पुसली. डबा उघडला. पुढचं मी पाहिलं नाही, कोपऱ्यावरच्या पेयांच्या यंत्रापाशी जाऊन उभी राहिले. एक तास गेला. दुसरा गेला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटांच्या टोकांवर पांढरट साय धरली होती. "गोंद वाळायला आठवडा लागतो म्हणे," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी यावं लागेल."

परतीच्या गाडीत तो दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून बसला होता, तळवे वर, बोटं एकमेकांना लागू न देता. "अप्पा असेच बसायचे," मी हळूच म्हणाले. "काम झालं की. गाडीत लोक बघायचे त्यांच्याकडे." त्यानं हात तसेच ठेवले, उरायासु येईपर्यंत.